खंडेनवमीचं ऊन

थांबा, मित्रांनो! माझ्या झाकणाला हात लावण्याआधी जरा सावलीत या. हां, आता ठीक. उजेडात कुणी मला उघडलं की माझ्या पोटात अजूनही धस्स होतं. का होतं, तेच तर आज सांगायचंय.

मी एक जुनी, निळी, थंड पेटी आहे. वर्ध्याला सिंदी मेघेच्या पलीकडे एक छोटी प्रयोगशाळा आहे, तिथे माझा मुक्काम. दिसायला मी अगदी सहलीला पाण्याच्या बाटल्या नेतात ना, तशीच. पण माझ्या पोटात सरबत नसतं हं! माझ्या पोटात माणसांचं रक्त असतं. नावं लिहिलेल्या, बोटाएवढ्या नळ्यांमध्ये, गार.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दोन भिंती, मध्ये फेस भरलेला, वर जाड झाकण. ट्रकमधून येताना जाम गावाच्या चौकात ड्रायव्हरने माझ्यावर चहाचा ग्लास ठेवला होता. त्याचा गोल डाग अजून आहे. तेव्हा वाटलं, आपलं आयुष्य असंच जाणार, कुणाच्या तरी चहाखाली. पण प्रयोगशाळेत वर्षाली मॅडमनी मला पुसलं, आतून काळा कागद चिकटवला आणि म्हणाल्या, “आजपासून तुझं काम अंधार सांभाळायचं.”

अंधार सांभाळायचं काम! आहे का तुमच्या ओळखीत कुणाकडे असलं काम?

वर्षाली मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या तंत्रज्ञ. बारीक, चष्मेवाल्या, शिस्तीच्या एकदम पक्क्या. आणि मला गाडीवर बांधून गावोगाव नेणारे ते गजेंद्रभाऊ. रक्त काढण्यात त्यांचा हात इतका हलका, की सुई टोचून झाल्यावर लोक विचारायचे, “कधी टोचता मग?” सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे करून ते मला करकचून बांधायचे आणि किक मारताना म्हणायचे, “चाल वो बाई, पोट सांभाळ.”

आमचं काम असं होतं. एखाद्या घरात कुणाला टीबी झाला, की त्याच्यासकट त्या घरातल्या सगळ्यांचं रक्त दर तीन महिन्यांनी तपासायचं. कारण हा रोग मोठा लबाड आहे, मित्रांनो. खोकला होऊन आला तर दिसतो तरी. कधीकधी तो हाडात जाऊन बसतो आणि महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही. पण शरीराला पत्ता लागलेला असतो. शरीराच्या आत लढाई सुरू झालेली असते, आणि लढाईच्या दोन खुणा रक्तात सापडतात.

पहिली खूण म्हणजे निओप्टेरिन. आतले शिपाई लढायला लागले की रक्तात ते वाढतं, जसा आगीचा धूर वाढावा. पण हा धूर उजेडाला भितो. नळीवर ऊन पडलं की तो हळूहळू नाहीसा होतो. म्हणून तर नळ्यांना चंदेरी कागद गुंडाळायचा आणि म्हणून तर मी.

दुसरी खूण जरा दुःखाची आहे. डाळीतून, शेंगदाण्यातून, दुधातून आपल्याला ट्रिप्टोफॅन नावाचा एक ऐवज मिळतो. त्याच्यातूनच शरीर झोप आणि आनंद आणणारी द्रव्यं बनवतं. पण लढाई पेटली, की शत्रूला दाणा मिळू नये म्हणून शरीर स्वतःचंच कोठार पेटवून देतं. ट्रिप्टोफॅन संपत जातं आणि त्याची कायन्युरेनिन नावाची राख वाढते. शत्रू उपाशी राहतो, हे खरं. पण घरची माणसंही उपाशी राहतात ना! म्हणून काही आजारी माणसं आधी खोकत नाहीत. आधी ती गप्प होतात.

हे शब्द लक्षात ठेवा. मी चारुताकडे येतेय.

चारुता अल्लीपूरची. तिचे आबाजी, म्हणजे आजोबा, प्रभाकरराव, यांचं गावात बियाण्याचं आणि खताचं दुकान. त्यांना फुप्फुसाचा टीबी झाला होता, गोळ्या सुरू होत्या, तब्येत सुधारत होती. घरात चारुता आणि तिची आई सपनाताई. वडील नोकरीनिमित्त चंद्रपूरला. जुलैमध्ये आम्ही पहिल्यांदा त्यांच्या ओसरीवर उतरलो, तेव्हा ही पोरगी खो-खोच्या सरावाहून धावतच आली. दहावीतली, गुडघ्यांना माती, तोंडाची टकळी चालू.

“काका, काय पाहता तुम्ही रक्तात?”

“धूर पाहतो,” गजेंद्रभाऊ म्हणाले.

“रक्तात धूर? मंग आत चूल हाये का माह्या?”

“तुह्या आत तं भट्टी असन, पोट्टे. हात कर पुढं.”

“अन् हे निळी पेटी कायची? कुल्फी हाये का?”

“हाव. रक्ताची कुल्फी. खातं का?”

ती इतकी हसली, इतकी हसली, की दुकानातून प्रभाकरराव ओरडले, “अवं, टोचू तं दे त्याइले!” मग तिने माझ्या झाकणावर टकटक केलं आणि म्हणाली, “बाय, कुल्फी. येजो परत.” त्या दिवसापासून मी तिच्यासाठी कुल्फीच झाले. आणि खरं सांगू? मला ते नाव फार आवडलं.

चारुताचे जुलैचे आकडे साधे आले. धूर नाही, राख नाही. सगळं छान.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेलो, तो दिवस खंडेनवमीचा होता. गजेंद्रभाऊ सकाळी लवकर निघाले, कारण लॅबमध्ये पूजा होती. अल्लीपूरच्या दोन घरांतून सात नळ्या घ्यायच्या होत्या. चारुता ओसरीवर आली. चालत आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने हात पुढे केला आणि भिंतीकडे बघत राहिली.

“काय वो, आज कुल्फी नाई पाहिजे का?” गजेंद्रभाऊंनी विचारलं.

तिने नुसती मान हलवली.

“तिले काय विचारता भाऊ,” सपनाताई म्हणाल्या. “दहावीचं वर्ष हाये अन् पुस्तक हातात धरत नाई. म्हणे पाठ दुखते. पंधरा वर्षाची पोट्टी अन् म्हातारीसारखी पाठ! जेवण नाई, झोप नाई, खो-खो सोडून देल्ला. नुसती भिताडाकडं पाहून राह्यते.”

“दुखते ना वो आई,” चारुता हळूच म्हणाली. “खरंच दुखते.”

“मोबाईल पाहताना नाई दुखत?”

मी ते ऐकलं. माझ्या पोटात तिची नळी येऊन बसली, कोमट, आणि मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल तर हेच, की ही मुलगी रागावलेली नाही. हिच्या आत काहीतरी जळतंय. पण पेटीला तोंड कुठे असतं? मला फक्त पोट.

नेहमी त्या नळ्यांना लॅबमध्ये पोचल्याबरोबर चंदेरी कागद लागतो, मग गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घालून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं काढतात आणि लगेच गोठवतात. पण त्या दिवशी आम्ही पोचलो तर काय थाट, मित्रांनो! दारावर झेंडू-आपट्याचं तोरण, टेबलावर रांगोळी. सूक्ष्मदर्शकाला हार, तराजूला हार, गरगर फिरणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर हळदकुंकू आणि फूल. आपल्याकडे खंडेनवमीला ज्या हत्यारांवर पोट चालतं त्यांची पूजा करतात आणि पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत. लॅबमध्ये एवढी सवलत होती, की आरती आणि प्रसाद होईपर्यंत यंत्रं थांबवायची आणि मग काम सुरू करायचं.

“मॅडम, बाईची पूजा नाई करत का?” माझ्याकडे बोट दाखवत गजेंद्रभाऊ म्हणाले. “सगळ्यात जास्त तं हेच फिरते!”

सगळे हसले. वर्षाली मॅडमही हसल्या. “खरंच की. आणा तिला. पण आधी धुवा, आतून वास येतो.”

मी किती खूश झाले म्हणून सांगू! इतक्या वर्षांत मला कुणी हार घातला नव्हता. मॅडमनी माझ्या पोटातल्या सातही नळ्या काढल्या, स्टँडवर लावल्या आणि तो स्टँड खिडकीत ठेवला. कागद गुंडाळायला त्यांनी खण उघडला, तर चंदेरी कागदाची गुंडाळी नव्हती. ती कुणीतरी प्रसादाचा शिरा बांधायला नेली होती. “पाचच मिनिटं,” मॅडम स्वतःशीच म्हणाल्या आणि रांगोळी पूर्ण करायला वळल्या.

मला साबणाने घासलं. अंगणात झाकण उघडून वाळवलं. मग आत आणून टेबलावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आरती झाली. सगळ्यांनी माझ्याभोवती उभं राहून फोटो काढला. शिरा वाटला, गप्पा झाल्या, लॅबचे प्रमुख, आमचे साहेब, दोन शब्द बोलले ते चांगले दोनशे झाले.

पूर्वेची खिडकी. पावसानंतरचं धुतलेलं, लख्ख ऊन. नळ्यांत रक्त गोठून खाली बसलं, वर सोन्यासारखं सीरम चमकायला लागलं. मी बघत होते. सगळ्यांमध्ये एकटी मीच बघत होते, गळ्यात हार घालून.

पाच मिनिटांचे तीन तास झाले. मग यंत्रावरचं फूल काढलं आणि काम सुरू झालं. कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण नळीतून धूर निघून गेला तरी नळी तशीच दिसते.

दिवाळीनंतर निओप्टेरिनचे आकडे आले. सातही नळ्या साध्या. नियम असा होता, की आकडा जास्त आला तरच माणसाला मोठ्या तपासणीला बोलवायचं. म्हणून चारुताच्या घरी निरोप गेला: सगळं नॉर्मल आहे, जानेवारीत भेटू.

आणि मित्रांनो, त्या एका शब्दाने त्या घरात काय केलं, ते मला नंतर कळलं. प्रभाकररावांनी तो निरोप दुकानातल्या प्रिंटरवर छापला आणि आतल्या खोलीत घड्याळाखाली चिकटवला. चारुताने पाठ दुखते म्हटलं, की कागदाकडे बोट. संध्याकाळी अंग गरम लागतं म्हटलं, की कागद. जेवण नको, कागद. “येवढी मोठी लॅब खोटी अन् तू खरी?” मग ती सांगेनाशी झाली. सांगून काय उपयोग, जर रक्तच तिच्याविरुद्ध साक्ष देतंय!

दुसरी खूण, म्हणजे ट्रिप्टोफॅन आणि त्याची राख, मोजायचं मोठं यंत्र बंद पडलेलं होतं. त्याचा एक भाग यायचा होता. तो यायला डिसेंबर उजाडला. एका दुपारी वर्षाली मॅडम आकडे बघत बसल्या होत्या आणि अचानक त्यांचा हात थांबला.

“गजेंद्रभाऊ, इकडे या बरं. ही अल्लीपूरची चारुता. राख बघा किती वाढली, जुलैच्या तिप्पट. आणि धूर? काहीच नाही.”

“मंग बरंच हाये ना, एक तं चांगलं आलं.”

“अहो, हे दोन आकडे बैलजोडीसारखे चालतात. एक बैल धावत सुटलाय आणि दुसरा गोठ्यात झोपलाय, असं कसं होईल?” त्यांनी पान उलटलं. “आणि आबाजींचं बघा. गोळ्या खाणारा माणूस, तरी धूर आमच्या-तुमच्यापेक्षा कमी. सातही जणांचा कमी. फक्त त्याच दिवशी. कोणता दिवस होता हा?”

गजेंद्रभाऊंनी वहीत बघितलं. “खंडेनवमी.”

दोघांनीही एकदम मान वर केली. समोरच्या फळ्यावर तो फोटो लावलेला होता. मधोमध मी, हार घातलेली, नटलेली. सगळे हसतायत. आणि सगळ्यांच्या मागे, खिडकीत, उन्हात, सात नळ्या. लख्ख.

तो माझा आयुष्यातला सगळ्यात आवडता फोटो होता, मित्रांनो.

मॅडमनी चष्मा काढला. मग त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब परगावी होते. पलीकडून आवाज आला, तो मलाही ऐकू आला. “बाद करा ते सात नमुने. वहीत एक ओळ लिहा. जानेवारीत तसंही जायचंच आहे.”

एक ओळ! इतकं सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. मॅडमनी पेन उचललं, वही ओढली, आणि मग पेन खाली ठेवलं.

“गजेंद्रभाऊ, बर्फ भरा. आत्ता निघायचंय. मी पण येते.”

अल्लीपूरला पोचलो तेव्हा सपनाताई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वर्षाली मॅडमना पाहून उठल्या. “तुमी तं जानेवारीत येनार होत्या ना?”

“ताई, चारुताला बघायचंय.”

“तिले काय झालं? तुमीच तं सांगतलं, सगळं नॉर्मल हाये.”

“ते चुकीचं होतं. चूक माझी आहे. तिच्या रक्ताची नळी मी उन्हात ठेवली. आकडा खोटा आला.”

सपनाताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “म्हंजे?” त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. “म्हंजे काय, मॅडम? तुमच्या त्या कागदाच्या भरोशावर मी माह्या पोरीवर हात उचलला. परवा. नाटकं करते म्हणून.”

मॅडम खाली बघत उभ्या राहिल्या.

आतून पाय घासत चारुता आली. भिंतीला धरून, एक एक पाऊल. किती वाळली होती! ओसरीच्या उंबरठ्यावर तिच्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि मागे राहिली. ती तशीच पुढे आली. एक पाय चपलेत, एक उघडा.

“चारुता, चप्पल,” वर्षाली मॅडम म्हणाल्या.

तिने खाली बघितलं. “अरे,” ती म्हणाली. तिला कळलंच नव्हतं.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. चप्पल निसटली याचं काय एवढं, असं सपनाताईंना वाटलं असेल. पण पायाला चप्पल गेलेली कळत नाही, म्हणजे पाठीच्या कण्यात कुठेतरी पायाकडे जाणारी नसेची तार दबतेय, हे मॅडमना कळलं. रोग हाडात जाऊन बसला होता. अर्धा पावसाळा, सगळी दिवाळी तिथेच बसून तो खात होता.

“म्हंजे मी नाटकं करत नोती ना?” चारुताने विचारलं. इतक्या हळू, की मीच ऐकलं असेल असं वाटलं.

“नाही गं,” मॅडम म्हणाल्या. “तू खरं सांगत होतीस. आम्हीच खोटं सांगितलं.”

प्रभाकरराव दुकानातून आले, त्यांनी घड्याळाखालचा कागद ओढून काढला आणि मुठीत चुरगाळला. मग दुकानाच्या पिकअपमध्ये गादी टाकली, चारुताला सरळ आडवं केलं आणि सगळे वर्ध्याला निघाले. तिची नवी नळी माझ्या पोटात होती. दोन-दोन पदरी चंदेरी कागदात, अंधारात. त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलेय मी, पण प्रत्येक खड्ड्याला चारुताचं कण्हणं ऐकू यावं असा तो रस्ता तेव्हाच एकदा लागला.

नव्या नळीचे आकडे जोडीनेच वर होते. धूरही, राखही. पाठीच्या फोटोत दोन मणके कुरतडलेले दिसले, मध्ये पू साचलेला. ऑपरेशन झालं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी रोग जाईल. पायांचं विचारलं तर म्हणाले, वाट पाहू.

वाट पाहू. हे शब्द मला ‘नॉर्मल’पेक्षाही भीतीदायक वाटतात.

परवा आम्ही पुन्हा अल्लीपूरला गेलो. ओसरीतच तिची खाट टाकलीय. शाळेतल्या मैत्रिणी येऊन धडे वाचून दाखवतात. सपनाताई वाटीतलं दाण्याचं कूट घातलेलं दूध चमच्याने भरवत होत्या, आणि मला पाहून चारुताच्या ओठाचा एक कोपरा हलला. “आली का कुल्फी?”

जुलैनंतर पहिल्यांदा तिने मला हाक मारली होती.

गजेंद्रभाऊंनी रक्त काढलं, नळी गुंडाळली. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी माझ्यातली बर्फाची पिशवी काढली आणि हळूच तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लावली.

“अवं माय!” चारुता किंचाळली. “थंड हाये ना काका!”

सपनाताईंच्या हातातला चमचा पडला. प्रभाकरराव उठून उभे राहिले. गजेंद्रभाऊ हसले, डोळे पुसले, आणि पिशवी उजव्या अंगठ्याला लावली.

चारुता आमच्याकडे बघत राहिली. हसत होती अजून. “आता लावा ना दुसऱ्या पायाले,” ती म्हणाली.

पिशवीवरचं पाणी तिच्या उजव्या अंगठ्यावरून ओघळून चादरीवर पडत होतं.

मित्रांनो, मी काही मोठी शहाणी नाही, एक पेटी आहे. पण एवढं सांगते. तुमच्या घरात, वर्गात, कुणी बडबडं माणूस अचानक भिंतीकडे बघायला लागलं, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्याजवळ बसा. कागद काहीही म्हणो, दुखतं म्हणणाऱ्याला पुन्हा एकदा विचारा. आणि ज्यांच्या हातात दुसऱ्यांचं रक्त आहे, त्यांच्यासाठी एक विनंती. पुढच्या खंडेनवमीला मला हार नका घालू. हळदकुंकू नको, फोटो नको. माझी पूजा नाही केली तरी चालेल.

झाकण तेवढं लावा.